अरबी समुद्रातील संक्षोभ व त्याचे मापन करणारे तरंड

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवरील स्थानक कल्याणच्या लगत, समुद्रकिनाऱ्यापासून बरेच आत आहे. समुद्रविज्ञानाच्या विवेचनास तेथून आरंभ करणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावलेली वालधुनी नदी या वस्तीजवळून वाहत जाऊन कल्याणनजीक उल्हास नदीस मिळते, आणि उल्हास नदीचे पाणी वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास जाऊन मिळते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या दोन्ही नद्यांनी पात्र सोडून कल्याण, उल्हासनगर व बदलापूर या परिसरात हाहाकार उडविला. जे पाणी त्या दिवशी समुद्राकडे धावत होते ते बाष्परूपाने बव्हंशी त्याच समुद्रावरून आलेले होते. या देवघेवीत समुद्र किती बाष्प देऊ शकेल हे त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर पुष्कळसे अवलंबून असते. पृष्ठभागाचे तापमान केवळ सूर्यावर आणि वाऱ्यावर ठरत नाही. वरच्या उबदार पाण्यात खालचे थंड पाणी किती मिसळते, या तिसऱ्या गोष्टीचाही त्यात वाटा असतो, आणि तिन्हींमध्ये अत्यंत अल्प मापन झालेली गोष्ट हीच होय.

या वाट्याचे महत्त्व केवढे आहे हे एका जुन्या निष्कर्षावरून कळून येईल. पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ व एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये असे दाखवून दिले की, समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्यावर मोठे मेघसमूह क्वचितच उभे राहतात. त्याच्या वर तापमान गेले म्हणजे ढग आलेच पाहिजेत असे मात्र नाही. उबदार समुद्र ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. अरबी समुद्राचा बराच भाग या उंबरठ्याच्या आसपास वावरत असल्यामुळे तेथे अर्ध्या अंशाचा फरकही उपेक्षणीय ठरत नाही.

‘ढवळणे’ आणि ‘मिसळणे’ या दोन क्रिया व्यवहारात एकच मानल्या जातात. शास्त्रात त्यांचा भेद करणे अवश्य आहे. सांडपाण्याने काळवंडलेले वालधुनीचे पाणी उल्हासच्या प्रवाहात शिरते तेव्हा प्रथम त्याचे पट्टे होतात. भोवरे ते पट्टे ताणतात, दुमडतात, त्यांचे धागे करतात. इथपर्यंत केवळ ढवळणे चालू असते. काळे पाणी काळेच आणि स्वच्छ पाणी स्वच्छच राहते, फक्त त्यांची सरहद्द अतोनात लांबते. धागे काही मिलिमीटरांपर्यंत बारीक झाले म्हणजे मग रेणूंचे विसरण आपले काम उरकते, आणि तेव्हाच खऱ्या अर्थाने मिश्रण होते. स्थिर पाण्यात उष्णतेचे विसरण इतके मंद असते की केवळ त्याच्या बळावर एका मीटरचा थर पार करण्यास तिला महिनेच्या महिने लागतील. संक्षोभ, म्हणजे पाण्याची अनियमित व भोवऱ्यांनी भरलेली गती, हा या क्रियेतील दलाल होय. तो स्वतः काही मिसळीत नाही. मिसळणाऱ्यास सरहद्द पुरवितो.

रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये या व्यवस्थेचे जे चित्र मांडले ते अद्याप आधारभूत आहे. वारा, भरती-ओहोटी अथवा अंतर्गत लाटा यांच्यापासून मोठे भोवरे ऊर्जा घेतात. ती लहान भोवऱ्यांकडे, तेथून आणखी लहान भोवऱ्यांकडे जाते, आणि शेवटी पाण्याच्या श्यानतेमुळे तिचे उष्णतेत रूपांतर होते. दर किलोग्रॅम पाण्यात दर सेकंदास अशी किती ऊर्जा विरते, हा संक्षोभाचा मुख्य मानदंड मानला जातो. खोल समुद्रात त्याचे मूल्य साधारणतः एक अब्जांश वॅट एवढे असते. ही शक्ती किती क्षुद्र आहे पाहा: एक घन किलोमीटर पाण्यात ती एका विजेच्या शेगडीइतकी भरते, आणि वर्षभर साठूनही पाण्याचे तापमान तिच्या योगाने एका अंशाच्या लक्षांशाइतकेही वाढत नाही. म्हणजे तापमापक बुडवून ती मोजण्याची आशाच नको. मात्र तिच्यामुळे शेजारच्या थरांच्या वेगांत जो फरक पडतो तो मोजता येतो. वरील मूल्यास तो फरक मीटरभर अंतरात सेकंदास सुमारे एक सेंटीमीटर या प्रमाणात असतो, आणि सर्वांत लहान भोवऱ्यांचा आकार अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास येतो. समुद्राचा विस्तार हजारो किलोमीटरांचा, आणि त्याच्या उष्णतेचा हिशेब मात्र बोटाच्या पेरापेक्षा लहान हालचालींवर ठरावयाचा, अशी ही अडचण आहे.

कोल्मोगोरोव्ह यांच्या सिद्धांताची समुद्रातील पहिली खात्रीलायक प्रचीती १९६२ मध्ये ग्रँट, स्ट्यूअर्ट व मोइलिए यांनी दिली. तीही खुल्या समुद्रात नव्हे, तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका अरुंद सामुद्रधुनीत, भरतीच्या जोरदार ओघात. पुढे १९६६ मध्ये वॉल्टर मुंक यांनी असे गणित मांडले की, ध्रुवप्रदेशांत बुडणारे थंड पाणी पुन्हा वर यावयाचे असेल तर उभ्या दिशेतील मिश्रणाचा गुणांक दर सेकंदास एक चौरस सेंटीमीटर इतका असला पाहिजे. प्रत्यक्ष संक्षोभमापकांनी मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्या दशांशच दाखविला. यंत्रे खोटी की गणित खोटे, असा वाद बरीच वर्षे चालला. १९९२-९३ मध्ये लेडवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिक महासागरात सल्फर हेक्झाफ्लोराइड हे निर्धोक द्रव्य सुमारे तीनशे मीटर खोलीवर सोडले आणि त्याचा थर महिनोन्‌महिने कसा जाड होत जातो ते पाहिले. उत्तर एक दशांशाच्या जवळपासच आले. यंत्रे खरी होती. मग उरलेले मिश्रण कोठे होते? ते खडबडीत तळाजवळ, किनाऱ्यांच्या उतारांवर, वादळांखाली, म्हणजे थोड्या जागी व थोड्या वेळी होत असले पाहिजे, असे अनुमान त्यातून निघाले आणि नंतरच्या निरीक्षणांनी ते दृढ केले.

या ‘थोड्या जागी व थोड्या वेळी’ होण्यातच विषयाचे सारे मर्म आहे. कोकणच्या वाचकास ते पावसाच्या उदाहरणाने सहज उमगेल. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सुमारे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच वेळी कुलाब्यास ७५ मिलिमीटरही झाला नाही. आता एखाद्याने फक्त कुलाब्यास पर्जन्यमापक ठेवला, अथवा सांताक्रूझला ठेवूनही तो केवळ उघडिपीच्या दिवशी वाचला, तर त्याच्या उपकरणात तिळमात्र दोष नसतानाही त्याची सरासरी निरर्थक ठरेल. समुद्रातील संक्षोभाची मूल्येही अशीच विषम वाटलेली असतात: शंभर नोंदींपैकी पाचदहा नोंदी उरलेल्या सर्वांच्या बेरजेला मागे टाकतात. जहाजावरून घेतलेली मापने बहुधा उघडिपीतलीच असतात. जून-जुलैमध्ये मध्य अरबी समुद्रावर वारा सोसाट्याने वाहत असता जहाजाच्या कठड्यावरून नाजूक यंत्र खाली सोडणे जिकिरीचे असते. आणि नेमके त्याच आठवड्यांत वर्षातील बरेचसे मिश्रण उरकून जाते. अर्धशतकाहून अधिक काळ उणीव होती ती उपकरणाच्या सूक्ष्मतेची नव्हे, संख्येची आणि चिकाटीची.

हिंदी महासागराच्या बाबतीत तर ही उणीव अधिकच होती. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने प्रथमच या समुद्राचे पद्धतशीर सर्वेक्षण केले. तिच्या हवामानविषयक कामाचे केंद्र मुंबईस कुलाबा येथे होते, आणि तिच्याच प्रेरणेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. संस्थेचे मुख्यालय आज गोव्यात दोनापावला येथे आहे. त्या मोहिमेने तापमान व लवणता यांचे नकाशे दिले. संक्षोभ मोजण्याचे साधनच त्या वेळी हाती नव्हते.

पाण्याबरोबर वाहत जाणारे यंत्र ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधील जॉन स्वॉलो यांनी १९५५ मध्ये परांचीस वापरतात तशा अॅल्युमिनियमच्या नळ्यांपासून एक तरंड तयार केला. नळी पाण्यापेक्षा कमी दाबली जात असल्यामुळे ती बुडताबुडता अशा खोलीवर पोचते की तेथे तिची आणि भोवतालच्या पाण्याची घनता सारखी होते, आणि मग ती तेथेच तरंगत राहते. आजचे ‘आर्गो’ योजनेतील तरंड, ज्यांस फ्लोट म्हणण्याचा प्रघात आहे, याच तत्त्वाची पुढील पायरी होत. त्यांचे वजन सुमारे २५ किलोग्रॅम असते. आतील टाकीतले तेल पंपाने बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलले की वजन तेच राहून आकारमान वाढते व यंत्र वर येते. तेल आत घेतले की ते बुडते. पृष्ठभाग आणि दोन हजार मीटर खोली यांतील घनतेचा फरक शेकडा एक-दीडच असल्यामुळे, आणि यंत्र स्वतःही दाबाखाली किंचित आक्रसत असल्यामुळे, या साऱ्या प्रवासास दोनतीनशे घनसेंटीमीटर तेल पुरते. एक हजार मीटरवर नऊदहा दिवस वाहत राहावे, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरावे, वर येताना तापमान व लवणता टिपावी आणि उपग्रहामार्फत ती कळवून पुन्हा बुडी मारावी, असा त्यांचा नित्यक्रम असतो. नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील अशा तरंडांची संख्या तीन हजारांवर गेली. आता ती सुमारे चार हजार आहे. भारताचा वाटा हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था सांभाळते.

साध्या आर्गो तरंडास संक्षोभ मोजता येत नाही. दोन मीटरांनी एक नोंद घेणाऱ्यास अर्ध्या सेंटीमीटरचा भोवरा दिसणार कसा? त्यासाठी दोन प्रकारचे संवेदक जोडावे लागतात. पहिला कर्तनसंवेदक: गोळीच्या आकाराचे एक टोक, आत दाबाने विद्युद्भार निर्माण करणारी चिनी मातीची पट्टी. आडव्या दिशेचा सूक्ष्म झोत टोकावर आदळला की पट्टी वाकते व विद्युद्दाब उमटतो. यावरून ऊर्जाव्ययाचे मान थेट निघते. ऑस्बर्न यांनी १९७० च्या दशकात हा संवेदक समुद्रात रूढ केला, आणि १९८० मध्ये ऊर्जाव्ययावरून मिश्रणगुणांक काढण्याचा नियमही त्यांनीच दिला: खर्च झालेल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा भारी पाणी वर उचलण्यात जातो असे धरावे. हा ‘पाचवा हिस्सा’ निसर्गाने नेमून दिलेला नाही. ते एक सोयीचे अनुमान आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते तसेच समजून वापरावे हे बरे. दुसरा संवेदक म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात तापमानातील बदल टिपणारा काचेचा तापरोधक. त्याच्या नोंदीतून पाण्यातील उष्ण-शीत धागे किती वेगाने पुसले जात आहेत ते कळते. कर्तनसंवेदक यंत्राच्या स्वतःच्या थरथरीला फसतो, तापरोधक तितका फसत नाही. म्हणून दोन्ही बरोबर ठेवणे इष्ट.

यातील एक अडचण मोठी मनोरंजक रीतीने सोडविण्यात आली आहे. संवेदक नेहमी यंत्राच्या पुढच्या टोकास हवेत, नाहीतर ते यंत्रानेच ढवळलेले पाणी मोजतील. उपग्रहाशी बोलणारी आकाशिकाही वरच्याच टोकास हवी. मग वर येताना पृष्ठभागापर्यंतचा संक्षोभ मोजावयाचा तरी कसा? अमेरिकेतील मूम, रुडनिक आदींनी २०२३ मध्ये वर्णन केलेला तरंड याकरिता चक्क कोलांटी घेतो. आतील भार सरकवून तो आपला गुरुत्वमध्य बदलतो. उतरताना व चढताना संवेदक पुढे ठेवतो आणि पृष्ठभागावर पोचल्यावर उलटा होऊन आकाशिका बाहेर काढतो. त्याचा पल्ला सुमारे २४० मीटरपर्यंतच आहे, परंतु वाऱ्याचा सारा पराक्रम त्या पल्ल्यातच चालतो. ग्रीक वर्णमालेतील ‘काय’ हे अक्षर त्याच्या नावात असल्यामुळे मराठी कानास ते नाव प्रश्नार्थक वाटते. शास्त्रज्ञांच्या मते ते अक्षर तापमानातील विषमता पुसली जाण्याच्या वेगाचे चिन्ह आहे. जहाज आपल्या बुडाने व पंख्याने वरचे पाचदहा मीटर पाणी स्वतःच घुसळून टाकते, यास्तव जहाजावरील मापनांतून तेवढा भाग गाळावाच लागतो. हा तरंड तेवढाच भाग अस्पर्श स्थितीत मोजतो, ही त्याची खरी कमाई.

एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. हे संवेदक सेकंदास शंभराच्या आगेमागे नोंदी करतात. एवढा संभार उपग्रहामार्फत पाठविणे परवडत नाही. म्हणून यंत्रातील गणकच त्यांचे वर्णपट काढतो, सिद्धांतातील आकाराशी ताडून पाहतो, आणि प्रत्येक मीटरभर पाण्यास दोनचार आकडे एवढेच किनाऱ्यावर कळवितो. तरंड बहुधा परत मिळत नाही व मूळ नोंद त्याच्याबरोबर समुद्रात जाते. त्यामुळे एखादा जेलीफिशचा धागा संवेदकास चिकटून खोटा संक्षोभ दिसला तर तो नंतर ओळखावयाचा कसा, हा प्रश्न उरतो. कोणते आकडे पाठवावयाचे व कोणते फेकावयाचे, याचा निर्णय यंत्र पाण्यात सोडण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

अरबी समुद्रात या मापनांस विशेष अर्थ आहे. ऑक्टोबर १९९४ पासून वर्षभर, साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर, एक नांगरलेला तरंगता फलाटा अमेरिकन शास्त्रज्ञांनी ठेवला होता. त्याच्या नोंदींत वरचा मिश्र थर वर्षातून दोनदा थंड व खोल झालेला दिसतो. हिवाळ्यातील थंडीचे कारण सरळ आहे: ईशान्येचे कोरडे वारे पाण्याची उष्णता काढून घेतात व जड झालेले पाणी खाली बसते. उत्तर अरबी समुद्रात या क्रियेमुळे खालील पोषक क्षार वर येतात व हिवाळ्यातही वनस्पतिप्लवकांची समृद्धी होते, हे गोव्याच्या संस्थेतील मधुप्रताप, प्रसन्नकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मात्र पृष्ठभागास एकंदरीत उष्णता मिळत असूनही समुद्र थंड होत होता. म्हणजे ती उष्णता खाली अथवा बाजूस जात असली पाहिजे. खाली किती जाते? तापमान दर मीटरला एक दशांश अंशाने उतरत असेल आणि मिश्रणगुणांक दर सेकंदास एक चौरस सेंटीमीटर असेल, तर दर चौरस मीटरमधून सुमारे चाळीस वॅट उष्णता खाली जाते. पन्नास मीटरच्या थरास ती महिन्यात अर्ध्या अंशाने थंड करते. गुणांक याच्या दशांश धरला तर हा परिणाम नाममात्र राहतो. हवामानाचे भाकीत करणाऱ्या गणिती प्रतिमानांत हा गुणांक कोठून तरी घालावाच लागतो. तो अंदाजाने घातला जातो तोवर वर सांगितलेला अर्धा अंश बेभरवशाचा राहतो.

खाली, सुमारे १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात, अरबी समुद्राचे पाणी जवळजवळ प्राणवायुहीन आहे. वरून तेथे मिश्रणाने जो थोडासा प्राणवायू झिरपतो तो सूक्ष्मजीव तत्काळ वापरतात. या जमाखर्चात जमेची बाजू ठरविणारा गुणांक तोच, फक्त अधिक लहान व म्हणून मोजण्यास अधिक कठीण. त्यातच या समुद्रात बाष्पीभवनाने खारट झालेले उबदार पाणी वर आणि त्यामानाने कमी खारट थंड पाणी खाली, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आढळते. उष्णतेचे विसरण मिठाच्या सुमारे शंभरपट जलद असल्यामुळे तेथे खारट पाण्याच्या बारीक शलाका आपोआप खाली उतरू लागतात. अशा वेळी मीठ व उष्णता यांचे गुणांक निराळे होतात, आणि पाचव्या हिश्शाचा नियम लागू पडत नाही.

संवेदक जोडलेले तरंड महाग व थोडे आहेत. साधे आर्गो तरंड पुष्कळ. त्यांच्या ढोबळ नोंदींतूनही काही निघते. अंतर्गत लाटा समान घनतेच्या थरांना कोठे ताणतात, कोठे दाबतात. या ताणाच्या मानावरून संक्षोभाचा अंदाज बांधण्याची रीत आहे. २०१२ मध्ये व्हेलन, टॅली व मॅकिनन यांनी ती आर्गोच्या नोंदींस लावून २५० ते २,००० मीटर या खोलीतील मिश्रणाचे जागतिक नकाशे काढले. या नोंदी कोणासही विनामूल्य मिळतात, तेव्हा अरबी समुद्रापुरते हे काम विद्यापीठातील विद्यार्थ्यास संगणकाखेरीज अन्य खर्चावाचून करता येण्याजोगे आहे. मात्र ही रीत मिश्र थरात चालत नाही, विषुववृत्ताजवळ भरवशाची नाही, आणि मिठाच्या शलाका असतील तेथे फसवी ठरते. अरबी समुद्राचे नकाशे पाहताना या तिन्ही मर्यादा लक्षात ठेवावयास हव्यात.

राहिला प्रश्न वालधुनी-उल्हासच्या पाण्याचा. दोन हजार मीटर बुडी मारणाऱ्या तरंडास त्या पाण्याची भेट होत नाही. मुंबईसमोर भूखंडाचा उथळ मंच दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे व त्यावर शंभर मीटर खोलीही बहुतेक ठिकाणी नाही. भरती-ओहोटी तेथे दर साडेबारा तासांनी पाणी घुसळते, आणि पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी वर पसरून त्या घुसळण्यास विरोध करते. खालच्या पाण्यास प्राणवायू मिळणार की नाही, हे त्या झगड्यावर ठरते. गोव्यासमोर मोसमी पावसाच्या उत्तरार्धात तळाजवळचे पाणी प्राणवायुहीन होते, असे नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसून आले. दहा दिवसांनी एकदा वर येणारे यंत्र येथे कुचकामाचे. येथे तळाशी रोवलेले संवेदक हवेत, किंवा दर तासास वरखाली करणारे आखूड पल्ल्याचे तरंड हवेत, आणि तेही मच्छीमारांच्या जाळ्यांतून वाचले पाहिजेत.